हिरवं हॉटेल, भरलेलं हॉटेल

सायकल चालवा, फुकट जेवा! कोपनहेगनच्या क्राउन प्लाझा हॉटेलनं २०१० मध्ये पाहुण्यांना ही ऑफर दिली आणि ती जगभर गाजली. हॉटेलातल्या व्यायामाच्या सायकली जनित्राला जोडलेल्या होत्या. किती वीज तयार झाली ते हँडलवर बसवलेल्या आयफोनवर दिसायचं. १० वॉट-अवर झाली की २४० क्रोनरचं जेवणाचं कुपन हातात. धडधाकट माणसाला त्यासाठी पंधराएक मिनिटं पुरायची.

आता हिशेब करा. १० वॉट-अवर म्हणजे १० वॉटचा एलईडी दिवा तासभर चालेल एवढी वीज. आपल्याकडच्या दरानं तिची किंमत दहा पैशांच्या आसपास. दहा पैशांच्या विजेपोटी हॉटेलनं झकास जेवण दिलं, आणि तरीही सौदा फायद्याचाच ठरला, कारण देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत हॉटेलचं नाव छापून आलं. शिवाय कुणी खोलात शिरून चौकशी केली असती तरी हॉटेलकडे दाखवायला बरंच काही होतं. दर्शनी भिंतींवर सौर पॅनेल होते आणि खोल्या गार-गरम ठेवायला जमिनीखालच्या पाण्याचा वापर होत होता.

हॉटेलच्या धंद्यातली एक गोष्ट फार कठोर आहे. आज रात्री खोली रिकामी गेली की ती कमाई गेलीच. उद्या तीच खोली दोनदा विकता येत नाही. म्हणून शेजारचं हॉटेल सोडून गिऱ्हाइकानं आपल्याकडे का यावं, याचं उत्तर रोज नव्यानं द्यावं लागतं. गेल्या काही दशकांत या उत्तरांत पर्यावरणाची भर पडली आहे. त्यातल्याच या काही गोष्टी. बहुतेक मजेच्या, काही डोळे उघडणाऱ्या.

टॉवेल उचलायला गेला आणि शब्द देऊन आला

बाथरूममधलं ते छोटं कार्ड सगळ्यांनी वाचलेलं असतं. पृथ्वी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा. जय वेस्टरव्हेल्ड नावाचा अमेरिकन विद्यार्थी १९८३ मध्ये फिजीत होता. मुक्काम स्वस्तातल्या गेस्टहाउसमध्ये. शेजारच्या बड्या रिसॉर्टमध्ये तो शिरला तो चक्क टॉवेल उचलायला. तिथे त्याला असंच कार्ड दिसलं: समुद्र आणि प्रवाळ जपायचे आहेत, तेव्हा टॉवेल पुन्हा वापरा. त्याच वेळी त्या रिसॉर्टचं नवं बांधकाम जोरात सुरू होतं. हा विरोधाभास त्याच्या डोक्यात राहिला आणि १९८६ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यानं या दिखाव्याला ‘ग्रीनवॉशिंग’ म्हटलं. आज तेल कंपन्यांपासून कपड्यांच्या ब्रँडपर्यंत सगळ्यांवर जो आरोप होतो, त्याचा जन्म हॉटेलच्या टॉवेलपाशी झाला.

पण म्हणून कार्ड निरुपयोगी ठरत नाही. अमेरिकेतल्या गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिशियस या तीन संशोधकांनी तिथल्याच एका मध्यम दर्जाच्या हॉटेलात कार्डावरचा मजकूर बदलून पाहिला. त्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘पर्यावरणासाठी’ अशी नेहमीची विनंती केली तेव्हा ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरले. ‘इथे उतरणारे बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ असं लिहिल्यावर आकडा ४४ टक्क्यांवर गेला. आणि ‘याच खोलीत आधी राहिलेले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ हे वाचल्यावर ४९ टक्क्यांवर! आधी त्या खोलीत कोण राहून गेलं हे आपल्याला माहीतही नसतं, तरी त्याच्यासारखं वागावंसं वाटतं. यंत्र नाही, गुंतवणूक नाही. बदलली ती एक ओळ. आणि न धुतलेल्या प्रत्येक टॉवेलमागे हॉटेलचं पाणी वाचतं, ते तापवायची ऊर्जा वाचते, साबण वाचतो, ड्रायरची वीज वाचते. वर टॉवेलही जास्त दिवस टिकतो.

याच कार्डाचा पुढचा अवतार मात्र मला खटकतो. स्टारवुड या अमेरिकन साखळीनं २००९ पासून पाहुण्यांना विचारायला सुरुवात केली की आज खोली साफ करून नको असेल तर पाच डॉलरचं कुपन किंवा पॉइंट घेणार का? पाहुण्यांना योजना आवडली. फटका बसला तो हाउसकीपिंगच्या बायकांना. साफ करायच्या खोल्या कमी झाल्या तशा त्यांच्या पाळ्या आणि तास कमी झाले. ज्या खोल्या वाट्याला यायच्या, त्या दिवसेंदिवस न झाडलेल्या, म्हणजे जास्त मेहनतीच्या. कामगार संघटनांनी याविरुद्ध आवाज उठवला. पुढे स्टारवुड मॅरियटनं विकत घेतली, तरी वाद मिटला नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या अनेक शहरांत मॅरियटच्या कामगारांनी केलेल्या संपातही हा मुद्दा होता. वाचलेल्या पाण्याचा फायदा मालकाला आणि तोटा झाडणारीला, ही वाटणी मला कुठल्याच अर्थानं हिरवी वाटत नाही. बचतीतला वाटा कर्मचाऱ्यांपर्यंत पोचवणं हा या कामाचाच भाग आहे.

पऱ्हाटीचं पंचतारांकित

आपल्या मातीतली गोष्ट विलेपार्ल्याची आहे. मुंबईच्या देशांतर्गत विमानतळाला खेटून १९९७ मध्ये ऑर्किड हॉटेल उभं राहिलं. इडली-डोशाच्या धंद्यात वाढलेल्या विठ्ठल कामतांनी ते बांधलं. विमानतळाच्या परिसरात तेव्हा बडी हॉटेलं आधीपासून पाय रोवून होती. नवख्यानं त्यांच्याशी झुंबरांची आणि संगमरवराची स्पर्धा करायची तर खिसा फाटला असता. कामतांनी वेगळंच मैदान निवडलं. पर्यावरण जपणाऱ्या हॉटेलांचं ‘इकोटेल’ प्रमाणपत्र मिळवणारं आशियातलं पहिलं पंचतारांकित हॉटेल ही ऑर्किडची ओळख झाली आणि पुढे देशी-परदेशी पुरस्कारांची रांग लागली. पर्यावरणपूरक हॉटेल म्हणजे जंगलातली झोपडी, असं समजण्याच्या काळात हे घडलं.

जवळून बघावं असं तिथे बरंच आहे. लाकूडकामासाठी जंगलातल्या सागवानाऐवजी जे बोर्ड वापरले, त्यात कपाशीच्या काड्यांपासून बनवलेले बोर्ड होते. विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी या काड्यांना पऱ्हाटी म्हणतो. कापूस वेचून झाला की ती उपटून बांधावर टाकायची, चुलीत घालायची किंवा शेतातच पेटवून द्यायची. तीच पऱ्हाटी इथे पंचतारांकित हॉटेलात लाकडाच्या जागी बसली. वीटकामात आणि सिमेंटात औष्णिक वीज केंद्रांची राख मिसळलेली. पोहण्याचा तलाव गच्चीवर, त्यामुळे उन्हाचा मारा पाण्यावर पडतो आणि खालचे मजले कमी तापतात. खिडक्यांना काचेचे एकामागे एक थर. ऊन बाहेर राहतं आणि विमानांची घरघरही. सांडपाणी शुद्ध करून ते पुन्हा वापरात.

माझ्या आवडीचं आहे ते हिरवं बटण. एसीच्या नियंत्रकावर एक बटण दिलेलं, ते दाबलं की खोलीचं तापमान दोन अंशांनी वर सरकतं. दाबायचं की नाही, हे सर्वस्वी पाहुण्यावर. दोन अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा ठोकताळा असा की एसी एका अंशानं वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. म्हणजे एका बटणात बारा टक्के! देशात विकल्या जाणाऱ्या स्टार लेबलवाल्या घरगुती एसींना सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवण्याचा नियम १ जानेवारी २०२० पासून आला. ऑर्किडचं बटण त्याच्या वीसेक वर्षं आधीचं.

पर्यावरणाचा खर्च परवडत नाही, असं म्हणणाऱ्या प्रत्येक हॉटेलमालकानं हे नीट बघावं. राखेच्या विटा, काचेचे थर, गच्चीवरचा तलाव, यांतली कुठलीच गोष्ट पाहुण्याकडून त्याग मागत नाही. उलट त्याला शांत झोप लागते.

समुद्राच्या तळाचा एसी

मार्लन ब्रँडो या हॉलिवूडच्या नटाला १९६० च्या दशकात ताहितीजवळचं टेटिआरोआ हे प्रवाळबेट इतकं आवडलं की त्यानं ते घेऊनच टाकलं. बेटाची नासाडी न करता तिथे माणसांनी कसं राहावं, यावर तो वर्षानुवर्षं विचार करत होता. त्यातली एक कल्पना अशी: समुद्रात खोलवर पाणी बर्फासारखं गार असतं, ते वर आणून खोल्या थंड का करू नयेत?

ब्रँडो २००४ मध्ये वारला. ‘द ब्रँडो’ हे रिसॉर्ट २०१४ मध्ये उघडलं आणि तिथला एसी याच तत्त्वावर चालतो. सुमारे ९०० मीटर खोलीवरून पाइपनं पाच अंशांच्या आसपासचं पाणी वर येतं. हे खारं पाणी खोल्यांत जात नाही. उष्णता अदलाबदल यंत्रात ते दुसऱ्या, गोड्या पाण्याला थंड करतं आणि ते गोडं पाणी खोल्याखोल्यांतून फिरतं. कॉम्प्रेसर नाही, वीज लागते ती पंपापुरती. एसीची वीज नव्वद टक्क्यांच्या घरात वाचते. त्याच भागातल्या बोरा बोरा बेटावर एका रिसॉर्टनं ही सोय २००६ मध्येच केली होती. या बेटांवर डिझेल जहाजानं आणावं लागतं, तेव्हा पाइपचा खर्च का परवडतो ते वेगळं सांगायला नको.

द ब्रँडोमध्ये राहायचं भाडं आपल्यापैकी बहुतेकांना झेपणार नाही. पण तिथे जाणारी श्रीमंत मंडळी ज्या गोष्टीसाठी पैसे मोजतात, त्यात तो पाइपही येतो. तो लपवलेला नाही; रिसॉर्ट त्याची गोष्ट अभिमानानं सांगतं.

ताटली लहान, बचत मोठी

हॉटेलचा सगळ्यात महागडा कचरा बुफेच्या टेबलावरून निघतो. खरेदी केलेलं, चिरलेलं, शिजवलेलं, सजवलेलं अन्न थेट डब्यात. नॉर्वेतल्या एका हॉटेल साखळीत संशोधकांनी दोन साधे उपाय करून पाहिले. काही हॉटेलांत नेहमीपेक्षा जरा लहान ताटल्या ठेवल्या. काही हॉटेलांत पाटी लावली की एकदम भरून घेण्यापेक्षा हवं तितक्या वेळा या, आनंदानं या. दोन्हीकडे अन्नाची नासाडी सुमारे वीस टक्क्यांनी घटली, आणि पाहुणे नाराज झाले नाहीत. हा अभ्यास २०१३ चा. स्लोव्हेनियातल्या एका हॉटेलात मुलांना शिक्क्यांची वही दिली: घरातल्या सगळ्यांनी ताट साफ केलं की एक शिक्का, शिक्के जमले की बक्षीस. नासाडी ३४ टक्क्यांनी खाली! आईबापांना जे जमलं नाही ते पोरांनी करून दाखवलं. आपल्या लग्नांतल्या बुफेला लहान ताटली आणि पाटी हे दोन्ही उपाय उद्यापासून लावता येतील, त्याला कुठलं प्रमाणपत्र लागत नाही.

स्वयंपाकघराचाच विषय निघालाय तर शिर्डी. हॉटेल नव्हे, पण पाहुण्यांचा राबता कुठल्याही हॉटेलला मागे टाकणारा. साईबाबा संस्थानच्या प्रसादालयाच्या छतावर २००९ मध्ये सूर्याकडे तोंड करून फिरणाऱ्या ७३ परावर्तक तबकड्या बसवल्या गेल्या. त्यांनी गोळा केलेल्या उन्हावर पाण्याची वाफ होते आणि तिच्यावर भात-डाळ शिजते. जितकं ऊन कडक, तितका गॅस कमी. हजारो माणसांच्या पंगतीचा गॅस म्हणजे किती पैसा, हे केटरिंगवाल्यांना विचारा.

इवल्या बाटल्या, उरलेल्या वड्या

शांपूच्या अंगठ्याएवढ्या बाटल्या घरी आणायची हौस आता विसरायला हवी. मॅरियटनं २०१९ मध्ये हिशेब मांडला होता की इवल्या बाटल्या काढून भिंतीवर मोठ्या पंपाच्या बाटल्या लावल्या तर त्यांच्या हॉटेलांतून वर्षाला सुमारे ५० कोटी बाटल्यांचा कचरा टळेल. कॅलिफोर्नियानं कायदाच केला. पन्नासहून जास्त खोल्यांच्या हॉटेलांना तो २०२३ पासून लागू झाला आणि बाकीच्यांना २०२४ पासून. मोठी बाटली भरणं स्वस्त पडतं, त्यामुळे हा कायदा हॉटेलांच्या पथ्यावरच पडला.

एकदा वापरलेल्या साबणाच्या वडीचं काय? अमेरिकेत २००९ मध्ये सुरू झालेली ‘क्लीन द वर्ल्ड’ ही संस्था हॉटेलांकडून अशा वड्या गोळा करते, निर्जंतुक करते, नव्यानं दाबते आणि गरजू वस्त्यांत वाटते. मुंबईत ‘सुंदरा’ ही संस्था हेच काम करते, आणि त्यातून वस्तीतल्या बायकांना रोजगार मिळतो. बचतीचा फायदा कामगारांपर्यंत पोचण्याबद्दल वर जे म्हटलं, त्याची ही उजवी बाजू.

डास पकडा, फवारू नका

मालदीवमधलं सोनेवा फुशी हे रिसॉर्ट सोनू शिवदासानी आणि त्यांची पत्नी इव्हा यांनी १९९५ मध्ये सुरू केलं. दोघांच्या नावांतूनच ‘सोनेवा’ झालं. २००८ मध्ये त्यांनी बाहेरून येणाऱ्या बाटलीबंद पाण्याला दार बंद केलं. पाणी बेटावरच शुद्ध करायचं आणि काचेच्या बाटल्यांत भरायचं. त्याच वर्षापासून प्रत्येक मुक्कामाच्या बिलात दोन टक्के पर्यावरण अधिभारही लागतो.

पण खरी मजा डासांची. उष्ण प्रदेशातली बेटं म्हटलं की संध्याकाळची धूरफवारणी आलीच. तिनं डास मरतात, तशी फुलपाखरंही मरतात, चतुरही मरतात, आणि चतुर तर डास खाणारे! सोनेवानं २०१९ मध्ये एका जर्मन कंपनीबरोबर शेकडो सापळे लावले. काही सापळे माणसाच्या कातडीचा वास आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड यांची नक्कल करून डासांना ओढतात, तर काही अंडी घालायला आलेल्या माद्यांना पकडतात. डास झपाट्यानं कमी झाले, फवारणी थांबली आणि इतर कीटक परतले. पाहुण्याला याचा फायदा समजावून सांगावा लागत नाही. तो संध्याकाळी उघड्यावर निवांत बसू शकतो. महागड्या रिसॉर्टसाठी याहून मोठी जाहिरात कुठली?

भरभर, एकामागून एक

टोरांटोच्या फेअरमाँट रॉयल यॉर्क हॉटेलनं २००८ मध्ये गच्चीवर मधमाश्या पाळल्या. गच्चीवरचा मध स्वयंपाकघरात गेला आणि पाहता पाहता इतर हॉटेलांनी कित्ता गिरवला. स्वीडनमधलं आइसहोटेल टोर्ने नदीच्या बर्फातून दर हिवाळ्यात नव्यानं उभं राहतं आणि वसंतात वितळून नदीत परत जातं. बांधकामाचा राडारोडा शून्य. २०१६ पासून त्याचा एक भाग बारमाही आहे, आणि आर्क्टिक वृत्तापलीकडच्या उन्हाळ्यात जो सूर्य मावळत नाही, त्याच्याच विजेवर तो बर्फ गार राहतो.

व्हिएन्नाच्या श्टाटहाले हॉटेलात तुम्ही ट्रेननं किंवा सायकलनं आलात तर भाड्यात दहा टक्के सूट मिळते. गच्चीवर लॅव्हेंडर लावलेलं हे छोटेखानी हॉटेल वर्षभरात जितकी ऊर्जा वापरतं तितकी स्वतः निर्माण करतं, आणि हे त्यांनी २००९ मध्ये भर शहरात करून दाखवलं. केपटाऊनच्या हॉटेल व्हर्डेत टॉवेल पुन्हा वापरला, जिना चढून गेलात, कचरा वेगळा टाकलात की ‘व्हर्डिनो’ नावाचं हॉटेलचं स्वतःचं चलन मिळायचं आणि ते बारमध्ये चालायचं. सिंगापूरचं पार्करॉयल हॉटेल २०१३ मध्ये उघडलं. त्याच्या सज्जांवर मिळून १५ हजार चौरस मीटर बाग आहे, म्हणजे प्लॉटच्या दुपटीहून जास्त. रस्त्यावरून जाणारा माणूस थांबून फोटो काढतो. अमेरिकेत न्यू हेवनला रबर कंपनीची १९७० मधली काँक्रीटची ओबडधोबड इमारत रिकामी पडून होती. ती न पाडता २०२२ मध्ये तिचंच हॉटेल मार्सेल झालं. संपूर्ण विजेवर चालणारं, अगदी स्वयंपाकघरातसुद्धा गॅस नाही. जुनी इमारत वाचली म्हणजे नवं सिमेंट-पोलाद वाचलं, याचा हिशेब आपल्याकडे फार कमी मांडला जातो.

गल्ल्यात काय पडतं

कॉर्नेल विद्यापीठाच्या हॉटेलविषयक केंद्रानं २०१४ मध्ये अमेरिकेतली लीड हे हरित प्रमाणपत्र मिळालेली ९३ हॉटेलं घेतली आणि त्यांच्याशी टक्कर देणारी, पण प्रमाणपत्र नसलेली ५१४ हॉटेलं. प्रमाणपत्रानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत हिरव्या हॉटेलांचा खोलीभाड्याचा दर आणि खोलीमागची कमाई सरस ठरली.

आपल्याकडे चित्र बदलतंय ते कंपन्यांच्या बुकिंगमुळे. सेबीनं बाजारमूल्यानं पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे. अशा कंपनीला आपल्या माणसांच्या प्रवासाचा आणि मुक्कामाचा कार्बन मोजायचा तर ती हॉटेललाच आकडे मागणार. किती वीज, किती पाणी, कचऱ्याचं काय? ज्याच्याकडे उत्तरं तयार, त्याच्याकडे वर्षभराचं बुकिंग जायची शक्यता वाढली. आयटीसीनं हे फार आधी ओळखलं. बंगळुरूचं त्यांचं गार्डेनिया २००९ मध्ये लीडच्या सर्वोच्च म्हणजे प्लॅटिनम दर्जासह उघडलं, आणि त्याच शहरातलं त्यांचं विंडसर हे शून्य कार्बनचं लीड प्रमाणपत्र मिळवणारं जगातलं पहिलं हॉटेल ठरलं.

पण प्रमाणपत्रांच्या जंगलात गिऱ्हाइकाची फसगतही होते. बुकिंग डॉट कॉमनं हॉटेलांच्या नावापुढे शाश्वततेचे बिल्ले लावायला सुरुवात केली होती. नेदरलँड्सच्या ग्राहक यंत्रणेनं आक्षेप घेतला की ही पद्धत लोकांची दिशाभूल करू शकते. मार्च २०२४ मध्ये कंपनीनं तो कार्यक्रम गुंडाळला. माझ्या मते हे फार बरं झालं. पानाचं चित्र लावून काम भागलं असतं, तर पऱ्हाटी आणि सापळ्यांच्या खटाटोपात कोण पडलं असतं?

चोर्ला, माथेरान आणि वेळास

गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र जिथे भेटतात त्या चोर्ला घाटात ‘वाइल्डरनेस्ट’ हे रिसॉर्ट आहे. कॅप्टन नितीन धोंड यांनी खाणींचा डोळा असलेल्या या पट्ट्यातली जमीन घेतली आणि दरीच्या काठावर अकेशियाच्या लाकडाच्या कुटी बांधल्या. तिथल्याच म्हादई संशोधन केंद्रात साप, बेडूक, पक्षी यांचा अभ्यास चालतो. पाहुण्यांना रात्री बेडूक दाखवायला घेऊन जाणारं हॉटेल गोव्याच्या किनाऱ्यावर शोधून सापडायचं नाही. समुद्रापासून इतक्या लांब असूनही लोक तिथे वाट वाकडी करून जातात.

माथेरानमध्ये तर अख्खं गावच शांतता विकतं. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. गावाला २००३ मध्ये पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा दर्जा मिळाला आणि निर्बंध आणखी घट्ट झाले. लाल मातीच्या रस्त्यांवर हॉर्न नाही, धूर नाही. लोणावळ्याच्या शनिवारच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाला विचारा, याची किंमत काय ते. हातरिक्षा ओढणाऱ्यांचे हाल संपावेत म्हणून डिसेंबर २०२२ पासून ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, तो मला योग्यच वाटतो. माणसानं माणसाला घाटात ओढणं ही काही जपून ठेवण्यासारखी गोष्ट नाही.

आणि वेळास. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळ. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी हिवाळ्यात इथल्या वाळूत अंडी घालतात. पूर्वी ही अंडी उकरून खाल्ली जायची, विकली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं २००२ पासून इथे संवर्धन सुरू केलं. गावातली मुलं पहाटे किनारा पालथा घालू लागली. घरटं सापडलं की अंडी अलगद काढायची, कुंपण घातलेल्या जागेत तितकाच खोल खड्डा करून पुरायची, वर टोपली ठेवायची. पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात.

काही वर्षांत कासव महोत्सव सुरू झाला आणि गावात पाहुणे येऊ लागले. उतरायला हॉटेल नव्हतं, म्हणून घरांनीच दारं उघडली. पडवीत गाद्या, जेवायला भात, आमटी, सोलकढी आणि सणासारखे उकडीचे मोदक. किनाऱ्यावर रिसॉर्टची रांग आणि प्रखर दिवे आले असते तर कासविणी फिरकल्या नसत्या, आणि मग पाहुणेही. अंडी विकून एकदाच पैसे मिळायचे. आता त्याच अंड्यांमुळे दर वर्षी घरोघरी मुक्काम होतात, रांधणाऱ्या बाईच्या हातात पैसा येतो.

फेब्रुवारी ते एप्रिल हा हंगाम. घरट्यावरची टोपली सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा उचलून बघतात. पिल्लं नेमकी कुठल्या दिवशी निघतील याची हमी गावात कुणीच देत नाही. म्हणून जाणाऱ्यानं दोन रात्रींचं बुकिंग करावं, म्हणजे वेळासच्या घरांना दुसऱ्या रात्रीचंही भाडं मिळतं.